विश्लेषण : जर्मनीत माणशी तीन रोपं कायदेशीर, पुण्यात एका कुंडीलाही दहा वर्षांपर्यंत कैद, घरात वाढवलेल्या गांजाबद्दल कायदा काय सांगतो?

दिवाळीतला व्हिडिओ कॉल. इंजिनीअरिंगचा माझा एक वर्गमित्र म्युनिकजवळ नोकरीला आहे. पार्सलमध्ये चकल्या मोडल्या पण चव तीच, वगैरे बोलून झाल्यावर त्यानं फोन फिरवला आणि कपाटाशेजारी उभ्या केलेल्या काळ्या कापडी तंबूची चेन उघडली. आत डोळे दिपवणारा पांढरा उजेड, कोपऱ्यात घरघरणारा पंखा आणि तीन कुंड्या. पंजासारखी पानं बघून ओळखायला वेळ लागला नाही.

‘अरे, पोलीस?’ हा माझा पहिला प्रश्न. ‘इथं चालतं. माणशी तीन,’ हे त्याचं उत्तर. मग त्यानं जे विचारलं, ते जास्त अवघड होतं. ‘डिसेंबरात पुण्याला येतोय. धाकट्याला बिया हव्यात. बियांत नशा नसते, मग आणायला काय हरकत आहे?’

धाकटा बावीस वर्षांचा. दोन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तंबू, दिवा, टायमर, असं सगळं दाखवणारी परदेशी रील्स त्यानं पाहिली आहेत आणि हे बाल्कनीत टोमॅटो लावण्यासारखंच आहे, असं त्याला वाटतं. थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते एका वाक्यात देता येतं : आणू नकोस. पण ‘का’ हे समजून घ्यायला रोपापासूनच सुरुवात करावी लागते.

जर्मनीत नेमकं काय चालतं?

जर्मन संसदेनं २३ फेब्रुवारी २०२४ रोजी गांजाविषयीचा नवा कायदा मंजूर केला आणि तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. तारखेमुळे तेव्हा बरेच विनोद झाले, पण कायदा खरा आहे. १८ वर्षांवरील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी २५ ग्रॅमपर्यंत, तर घरात वाळवलेला ५० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगता येतो. घरी एका वेळी तीन रोपं लावता येतात. त्यासाठी त्या देशात किमान सहा महिन्यांचं वास्तव्य हवं. म्हणजे पर्यटकानं हॉटेलच्या खिडकीत कुंडी ठेवली, तर ती बेकायदाच.

घरी लावलेला माल मित्राला देता येत नाही, विकणं तर दूरच. रोपं मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवायची. शाळा-मैदानांच्या आसपास ओढायला बंदी, लहान मुलांसमोर ओढायला बंदी, पादचारी रस्त्यांवर सकाळी सात ते रात्री आठ बंदी. ज्यांना घरी लावायचं नाही त्यांच्यासाठी १ जुलै २०२४ पासून लागवड मंडळं आली. जास्तीत जास्त ५०० सभासद, माणशी महिन्याला ५० ग्रॅम, आणि १८ ते २१ वयोगटाला ३० ग्रॅम, तेही टीएचसीचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत असलेलं. टीएचसी म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. दुकानात विक्री मात्र आजही नाही. ‘जर्मनीत गांजा खुला झाला’ असं व्हॉट्सअॅपवर फिरतं ते अर्धवट आहे. शिथिल झालाय, पण जर्मन पद्धतीनं, ग्रॅम मोजून.

मे २०२५ मध्ये तिथं सत्तांतर झालं. नव्या आघाडीतल्या मोठ्या पक्षाचा या कायद्याला पहिल्यापासून विरोध होता. आघाडीच्या करारात कायदा रद्द करण्याऐवजी त्याचं मूल्यमापन करायचं ठरलं. त्यामुळे माझ्या मित्राचा तंबू आज कायदेशीर असला, तरी राजकीयदृष्ट्या तो थोडा हलत्या जमिनीवर उभा आहे.

बी ते तोडणी : त्या तंबूत घडतं तरी काय?

इथं माझ्यातला इंजिनीअर जागा झाला, हे कबूल करतो. मित्राकडून मी तासभर माहिती घेतली ती कायद्याची नव्हे, यंत्रणेची.

बी ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, करडं आणि ठिपकेदार असतं. ओलावा आणि ऊब मिळाली की दोन ते सात दिवसांत रुजतं. पुढचे दोन आठवडे रोप नाजूक, मग तीन ते आठ आठवडे फक्त वाढ. या काळात रोज सुमारे १८ तास उजेड दिला जातो. त्यानंतर उजेड बारा तासांवर आणला की रोपाला फुलोरा येतो, आणि तो पक्व व्हायला साधारण आठ ते दहा आठवडे लागतात. तोडणीनंतर आठवडा-दोन आठवडे अंधाऱ्या, हवेशीर जागेत वाळवण. बियांपासून बरणीपर्यंत चार महिने सहज जातात.

उजेडाचे तास कमी केले की फूल का येतं? आपल्याकडच्या शेवंती उत्पादकांना याचं उत्तर पाठ आहे. शेवंती ही ‘लहान दिवसांची’ वनस्पती. रात्र मोठी व्हायला लागली की तिला कळी धरते, म्हणून पॉलिहाऊसवाले रात्री दिवे लावून फुलोरा लांबवतात. गांजाचंही तसंच. मोकळ्या शेतात तो श्रावण-भाद्रपदानंतर, दिवस लहान होऊ लागले की फुलतो. तंबूत तो ऋतू टायमर ठरवतो. बारा तासांच्या अंधारात मध्येच उजेडाची फट राहिली तरी रोप गोंधळतं. तंबूचं कापड काळं आणि चेन घट्ट असते ती लपवाछपवीसाठी नव्हे, अंधार पक्का राहावा म्हणून.

दुसरी गोष्ट पपईच्या शेतकऱ्याला कळेल. गांजाचं रोप नर किंवा मादी असतं. नशेचा घटक साठतो तो मादी फुलांवरच्या सूक्ष्म, चिकट ग्रंथींमध्ये. नराचे पराग पडले की मादी फूल बी धरतं आणि राळ बनवण्याचा तिचा जोर ओसरतो. म्हणून नर रोपं ओळखून उपटून टाकतात. हे शहाणपण युरोपातून आलेलं नाही. इंग्रजी अमदानीत बंगालमधल्या नौगावच्या गांजा-पट्ट्यात नर झाडं हुडकून काढणारा खास जाणकार पैसे देऊन बोलावला जायचा. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याची नोंद ‘गांजा डॉक्टर’ अशी केली आहे. आता बियाणं कंपन्या फक्त मादी रोपं देणारं बी विकतात, एवढाच फरक.

मग घरातला वास? फुलोरा आला की इतका उग्र दर्प सुटतो, की कोळशाचा फिल्टर लावल्याशिवाय जिन्यात कळतं. आर्द्रता वाढली की नाशिकच्या द्राक्षबागायतदारांची जुनी शत्रू भुरी इथंही येते, फुलं सडतात. रील्समध्ये हे दिसत नाही. रील्समध्ये नव्वद सेकंदांत बी ते बरणी होते.

आता वीज. मित्राचा दिवा २०० वॅटचा. वाढीचे पाच आठवडे १८ तासांनी १२६ युनिट, फुलोऱ्याचे नऊ आठवडे १२ तासांनी १५१ युनिट, आणि अखंड चालणारा ३० वॅटचा पंखा साधारण ७० युनिट. एकूण जवळपास ३५० युनिट. जर्मनीत घरगुती वीज युनिटला साधारण ३५ ते ४० सेंट पडते, म्हणजे एका पिकाला १२० ते १४० युरो फक्त विजेचे. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये व्यावसायिक बंदिस्त लागवडीचा हिशेब मांडला होता. एक किलो वाळलेल्या फुलांमागे ठिकाणानुसार २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. उन्हात फुकट वाढणारी वनस्पती खोलीत कोंडली की काय होतं, याचं हे चांगलं उदाहरण. मी हे आकडे सांगितल्यावर मित्र म्हणाला, ‘तू मजा घालवतोस.’

तीन रोपं, पन्नास ग्रॅम : गणित जुळतं का?

बहुतेकदा जुळत नाही. वाळल्यावर फुलांचं सुमारे तीन चतुर्थांश वजन पाण्याबरोबर उडून जातं, तरी नीट वाढलेलं एक रोपच पन्नास ग्रॅमपर्यंत किंवा त्याच्या पुढे जाऊ शकतं. तीन एकदम तोडली, तर घरातली मर्यादा ओलांडली जाते. ५० ते ६० ग्रॅमच्या मधला माणूस दंडाच्या कक्षेत येतो, ६० च्या पुढे थेट फौजदारी गुन्हा. जास्तीचा माल कुणाला द्यायची सोय नाही, त्यामुळे तो नष्ट करणं हाच कायदेशीर मार्ग. मित्रानं स्वयंपाकघरातला वजनकाटा त्यासाठीच वेगळा ठेवलाय.

भारतात घरी एकच रोप लावलं तर?

आता पुण्यातल्या फ्लॅटकडे येऊ. भारतात लागू आहे तो १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, बोलीभाषेत एनडीपीएस. त्याचं कलम ८ सांगतं, की कोणीही गांजाच्या झाडाची लागवड करायची नाही. अपवाद फक्त वैद्यकीय, शास्त्रीय किंवा सरकारनं परवानगी दिलेल्या कामांचा. शिक्षा कलम २० मध्ये आहे, आणि खरी मेख तिथंच आहे.

या कलमाचे दोन भाग आहेत. दुसरा भाग बाळगणं, विकत घेणं, वाहतूक यांबद्दल. त्यात वजनानुसार पायऱ्या आहेत. गांजा एक किलोच्या आत असेल तर ते ‘अल्प प्रमाण’ : एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोंच्या वर गेला तर ‘व्यावसायिक प्रमाण’ : दहा ते वीस वर्षं आणि किमान एक लाख दंड. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत.

पहिला भाग लागवडीचा. त्यात पायऱ्याच नाहीत. एक रोप असो की एक एकर, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. किमान शिक्षा ठरवलेली नाही, त्यामुळे न्यायाधीश कमी शिक्षा देऊ शकतात. पण ‘स्वतःपुरतंच लावलं होतं’ या बचावासाठी कायद्यात वेगळा कप्पा नाही.

याचा विचित्र परिणाम बघा. गल्लीतल्या विक्रेत्याकडून अर्धा किलो गांजा घेताना पकडला गेलेला माणूस जास्तीत जास्त एक वर्षाच्या शिक्षेला पात्र. विक्रेत्याच्या वाटेला न जाता खिडकीत एक रोप वाढवणारा दहा वर्षांपर्यंतच्या. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर डोंगरातली शेतं होती, एलईडी लावलेलं कपाट नव्हतं. मला हा भाग बदलायला हवा असं वाटतं. पण माझ्या वाटण्यावर धाकट्याला जामीन मिळणार नाही.

‘आपोआप उगवलं’ असं सांगता येईल?

गांजा रानात, नाल्याकाठी आपोआप उगवतो हे खरं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात हाच मुद्दा उचलून धरला होता. जमिनीत झाडं सापडली एवढ्यावरून भागत नाही, आरोपीनंच ती लावली-वाढवली हे सरकारी पक्षानं सिद्ध करायला हवं. शेताच्या बांधावर दोन झाडं सापडलेल्या शेतकऱ्याला या निकालाचा आधार असतो.

पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो आधार कुठून येणार? तिथं तंबू, टायमर, दिवा, खतांच्या बाटल्या आणि ऑनलाइन ऑर्डरची पावती असते. लागवड सिद्ध करायला तपास अधिकाऱ्याला यापेक्षा जास्त काही शोधावं लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रेटर नोएडातल्या एका उच्चभ्रू सोसायटीत पोलिसांनी असाच फ्लॅट उघडला, तेव्हा आत ८० कुंड्या निघाल्या होत्या.

रूममेट आणि घरमालकाचं काय?

हा प्रश्न धाकट्यानं विचारलेलाच नव्हता, खरं तर तोच आधी विचारायला हवा. कलम २५ म्हणतं, की घराचा मालक, ताबेदार किंवा घरावर नियंत्रण असलेली व्यक्ती जाणूनबुजून आपली जागा अशा गुन्ह्यासाठी वापरू देत असेल, तर तिलाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चोवीस तास घरघरणारा पंखा आणि तो दर्प तिघांपैकी दोघांना जाणवलाच नाही, हे कोर्टाला पटवणं सोपं नाही. भाडेकरारावर ज्याची सही आहे, त्यानं तर जास्तच जपावं. मित्रांच्या भांडणात कुणीतरी शंभर नंबर फिरवतो, हेही आपल्या शहरांत नवीन नाही.

पण बियांत नशा नसते ना?

नसते. इथं मित्राचं अर्धं बरोबर आहे. कायद्यातली गांजाची व्याख्या म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेल्या बिया आणि पानं त्यातून वगळलेली आहेत. होळीची आणि महाशिवरात्रीची भांग अनेक राज्यांत चालते ती याच फटीतून, कारण ती पानांची असते. मुंबई उच्च न्यायालयानंही २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर जप्त केलेला माल व्याख्येत बसतो का, हे काटेकोरपणे तपासलं होतं. शिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. त्यामुळे सुपरमार्केटात हेम्प सीड्सची बरणी दिसली, तर दचकायचं कारण नाही.

पण ही बरणी खाण्यासाठी असते. धाकट्याला बिया पेरायला हव्या आहेत. पेरणीसाठी परदेशातून कुठलंही बियाणं आणायचं, तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. साध्या फुलझाडाच्या बियाही बॅगेत कोंबून आणता येत नाहीत, या तर गांजाच्या. आणि त्याहून गंभीर म्हणजे कलम २९. गुन्ह्याला मदत करणाऱ्याला किंवा त्याच्या कटात असणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. ‘भावाला लावायला हव्यात म्हणून आणल्या’ असं व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं असेल, तर मोठा भाऊ थेट लागवडीच्या कलमात ओढला जाऊ शकतो.

जर्मनीत राहणारा भारतीय सुटला का?

मला स्वतःला या विषयात सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारा भाग हाच. एनडीपीएसच्या पहिल्याच कलमात, सहसा कुणी वाचत नाही त्या ‘व्याप्ती’च्या परिच्छेदात म्हटलंय, की हा कायदा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. म्हणजे माझ्या मित्राचा तंबू जर्मन कायद्यात बसतो, पण खिशात भारतीय पासपोर्ट असल्यानं भारताच्या कायद्याची ओळ म्युनिकपर्यंत पोहोचते.

घाबरून जायचं कारण नाही. परदेशात घडलेल्या गुन्ह्याची चौकशी किंवा खटला भारतात चालवायचा, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०८ प्रमाणे केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. तीन कुंड्यांसाठी कुणी ही फाइल हलवेल अशी शक्यता फारशी नाही. पण सोशल मीडियावर स्वतःच्या नावानं, हौसेनं तोडणीचे फोटो टाकणाऱ्या अनिवासी मंडळींनी ती ओळ एकदा वाचून ठेवावी. आणि परतताना बॅगेच्या कप्प्यात, जॅकेटच्या खिशात चिमूटभर फूल राहिलं, तर मुंबईत उतरल्यावर तो थेट आयातीचा गुन्हा होतो. अल्प प्रमाण असलं तरी एक वर्षापर्यंत कैद आहेच.

‘हायड्रो’ म्हणजे वेगळं ड्रग आहे का?

बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या ट्रॉली बॅगेत ‘हायड्रोपोनिक वीड’ सापडलं, ही बातमी मुंबई विमानतळावरून इतक्या वेळा येते, की आमच्या डेस्कवर तिचा साचा तयार आहे. हायड्रोपोनिक म्हणजे मातीशिवाय, पोषक द्रव्यं घातलेल्या पाण्यावर वाढवलेलं. आता मात्र दिव्याखाली, खोलीत वाढवलेल्या कुठल्याही तेज गांजाला हेच नाव पडलंय. वनस्पती तीच. फरक टीएचसीच्या प्रमाणात. उघड्या शेतातल्या गांजात ते काही टक्के असतं, निवडक बियाणं आणि बंदिस्त लागवडीत १५ ते २५ टक्क्यांपर्यंत जातं.

हा ओघ वाढायला थायलंडमधला बदल कारणीभूत आहे. त्या देशानं ९ जून २०२२ रोजी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि बँकॉकमध्ये दुकानांच्या रांगा लागल्या. जून २०२५ मध्ये सरकारनं मागे पाऊल घेत डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. दरम्यान भारतात कस्टम्स या मालाची किंमत किलोला साधारण एक कोटी रुपये धरतं.

गंमत अशी, की भारतीय कायद्यात ‘हायड्रो’ असा वेगळा वर्गच नाही. तो गांजाच. पाच कोटींचा पाच किलो माल आणि डोंगरातून आलेला पाच किलो साधा गांजा, दोन्ही एकाच मधल्या पायरीवर. कायदा वजन बघतो, तेजपणा बघत नाही. जर्मनीनं निदान कोवळ्या वयासाठी तरी टक्केवारीची रेघ ओढली, तशी आपल्याकडे कुठेच नाही.

गांजा लावायची परवानगी आपल्याकडे कधी होती?

होती. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशननं देशभर हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. त्या काळात परवान्यावर गांजा पिकायचा. बंगालात नौगाव, मध्य प्रांतात खांडवा आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर ही त्याची ठिकाणं. बंदी घालू नका, कर लावा आणि नियंत्रण ठेवा, अशी आयोगाची शिफारस होती. अर्थात सरकारला महसूल हवा होता, हेही विसरायला नको.

१९८५ नंतर ते संपलं. पण ओढ संपलेली नाही. तूर, कपाशी किंवा उसाच्या आत लपवलेली गांजाची झाडं सापडल्याच्या बातम्या राज्यातून येत राहतात. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूरच्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं तर थेट जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज केला : कुठल्याच पिकाला भाव नाही, दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटलं. असेलही. तरी त्या अर्जातलं पहिलं वाक्य खोटं नव्हतं.

कायद्यानुसार राज्यांना धागा, बियाणं किंवा बागायती कामासाठी लागवडीची परवानगी देता येते. उत्तराखंडनं २०१८ मध्ये टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या हेम्पसाठी परवाने सुरू केले. हिमाचल प्रदेशच्या मंत्रिमंडळानं जानेवारी २०२५ मध्ये प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. हे सगळं नशेसाठी नव्हे, कापड, तेल आणि औषधांसाठी. घरगुती कुंडीला यातलं काहीच लागू होत नाही.

आणि प्रकृतीचं काय?

‘नैसर्गिक आहे, झाडच तर आहे’ हे वाक्य तेज गांजाच्या बाबतीत जपून वापरावं. २०१९ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या नियतकालिकात आलेल्या, प्रामुख्यानं युरोपातल्या शहरांवर आधारलेल्या अभ्यासात टीएचसी १० टक्के किंवा जास्त असलेला गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, त्यामुळे धाकट्याच्या वयाला हा धोका जास्त.

आपल्याकडे हा विषय मूठभरांचाही नाही. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय अहवालानुसार वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे ३.१ कोटी लोक देशात होते. यातून बाहेर पडायचं असेल, तर कलम ६४-अ उपयोगी पडतं. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि त्यानं उपचार पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. लागवडीच्या गुन्ह्याला ही सवलत नाही. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

मित्र डिसेंबरात आला. बॅगेत चॉकलेटं, कॉफी आणि आईसाठी स्वेटर. निघण्याआधी जॅकेटचे सगळे खिसे उलटे करून झटकले, असं त्यानं सांगितलं. धाकटा दोन दिवस फुगून होता. मग त्यानं कलम २५ चा स्क्रीनशॉट मागितला, रूममेट्सच्या ग्रुपवर टाकायला. त्यांच्यातला एक जण म्हणे दिवा आधीच मागवून बसला होता.